जुन्या इतिहासावरचा लेख लोकांपुढे ठेवताना : दगडापासून वाचकापर्यंतचे टप्पे

कोल्हापूर परिसरातल्या देवळांवर, वीरगळांवर (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), शिलालेखांवर हौसेनं लिहिणारे आता पुष्कळ आहेत. त्यांचे लेख वाचताना त्याच तीन चुका पुन्हा पुन्हा भेटतात. साल एका वर्षानं चुकलेलं असतं, एका राजाचं काम दुसऱ्याच्या नावावर पडलेलं असतं आणि मूळ कोरीव लेख वाचला कुणी याचा पत्ताच नसतो. तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. लेख आधी पाठवला जातो आणि तपासणी मागाहून होते, तीही कुणी हटकलं तर.

म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. टप्पे मागेपुढे करू नका. विषयाची मर्यादा साधारण सतराव्या शतकापर्यंतची धरली आहे : दगडावरचे आणि ताम्रपटावरचे लेख, मंदिरं, वीरगळ, सतीशिळा.

टप्पा १ : प्रश्न लहान करा

'कोल्हापूरचे शिलाहार' (मध्ययुगात इथं राज्य केलेलं घराणं) हा लेखाचा विषय होत नाही, तो ग्रंथाचा विषय आहे. 'आमच्या गावच्या देवळातल्या लेखात दान कुणी, कुणाला आणि कशासाठी दिलं?' हा लेखाचा विषय. प्रश्न एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढं माहिती गोळा करताना जे या वाक्याशी जुळत नाही ते वेगळ्या पानावर जाईल. ते दुसऱ्या लेखाला उपयोगी पडेल.

तपासा : प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे का? नसेल तर तो अजून मथळाच आहे.

टप्पा २ : गावी जाण्याआधी ग्रंथालय

इथेच बहुतेकांची गाडी उलटी सुटते. आधी गावात जातात, फोटो काढतात, 'आजवर कुणाच्याही नजरेस न आलेला शिलालेख' असं लिहितात, आणि मग कळतं की तो शंभर वर्षांपूर्वीच वाचून छापला गेला आहे.

आधी तो शिलालेख कुणी वाचलाय का ते बघा. शिलाहारांच्या तिन्ही शाखांचे कोरीव लेख वा. वि. मिराशींनी एकत्र संपादित केले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम' मालेतला तो सहावा खंड, १९७७ साली आला. कोल्हापूर शाखेवर लिहायचं असेल तर तो चाळल्याशिवाय पेन उचलू नये. त्याआधीची कितीतरी वाचनं कोरीव लेख छापणाऱ्या 'एपिग्राफिया इंडिका'च्या खंडांत आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशा संदर्भग्रंथांची चौकशी करा. १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं शोधा. सतराव्या शतकाच्या अलीकडच्या मोडी कागदांकडं वळायचं असेल तर कोल्हापूरचं पुरालेखागार आहे.

१८८६ सालचा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूर खंड सगळेच उघडतात, कारण तो सहज मिळतो. त्याचा उपयोग कशाला करायचा हे ठरवून घ्या. त्या वेळी देऊळ कोणत्या अवस्थेत होतं, कुठला दगड कुठं होता, जत्रा कधी भरे, यासाठी तो उत्तम. राजांचा क्रम आणि सनावळी मात्र त्यातून घेऊ नका. कितीतरी लेख त्यानंतर नीट वाचले गेले.

वहीत प्रत्येक नोंदीपुढं तीन गोष्टी लिहा : वाचन कुणाचं, कोणत्या साली छापलेलं, पान कितवं. आळस इथंच होतो. पान क्रमांक नंतर शोधायचा म्हटलं तर अख्खी दुपार जाते आणि तरी तो सापडेलच असं नाही.

थांबा : छापलेलं वाचन मिळालं नाही, एवढ्यावरून तुम्ही 'शोध लावला' असं होत नाही. 'मला छापलेलं वाचन आढळलं नाही' असं लिहा.

टप्पा ३ : दगडापुढे

देवळात गेल्यावर आधी पुजारी किंवा गुरव, मग ट्रस्टचं कुणी असेल तर ते. कशासाठी आलो, काय करणार, हे सांगून घ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या ठिकाणी, उदाहरणार्थ खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात, हातातल्या कॅमेऱ्यानं किंवा मोबाइलनं फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, दिवे लावणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी परवानगी लागते.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू घासणं, तेल चोळणं, कुंकू किंवा पीठ भरणं, तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडणं यातलं काहीही करायचं नाही. शाई लावून ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं आणि परवानगीचं काम आहे. तुमच्यापाशी त्याहून सोपा उपाय आहे : तिरपा उजेड. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात दगडावर बाजूनं प्रकाश पडतो आणि कोरलेल्या रेषेत सावली धरते. गाभाऱ्याजवळ अंधार असेल तर दुसऱ्याच्या हातात बॅटरी द्या, ती दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूला धरायला सांगा, आणि तुम्ही समोरून फोटो घ्या. मग बॅटरी दुसऱ्या बाजूला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की एकात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात दिसतं.

फोटोंचा क्रम असा ठेवा. प्रथम दगड आणि त्याचा परिसर, मग पूर्ण दगड, मग ओळीओळीनं जवळून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग येईल असा. एका तरी फोटोत पट्टी ठेवा. नाही ठेवली तर पुढं दगडाच्या उंचीबद्दल तुम्ही अंदाजानं लिहाल.

जागेचीही नोंद करा. दगड मूळ जागी आहे की हलवलेला? जीर्णोद्धारात वीरगळ उचलून पाराभोवती रांगेत लावणं किंवा ओट्यात बसवणं आपल्याकडं सर्रास झालंय. अशा रांगेकडं बघून 'इथं मोठं रण झालं' असं लिहिणं धोक्याचं. म्हाताऱ्या माणसांना विचारा, दगड आधी कुठं होता ते बहुधा सांगतात. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि पुढं 'गावातली आठवण' असा शेरा मारा.

वीरगळाविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त कल्पनाविलास त्यांच्यावरच होतो. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. तळाच्या चौकटीत गुरं असतील तर गोधनाच्या रक्षणासाठी आलेलं मरण असा अर्थ लावला जातो. सतीशिळेवर कोपरात वळलेला, बांगड्या घातलेला हात दिसतो. एवढं सगळं दगडच सांगतो. वीराचं नाव, त्याचं घराणं, त्याची लढाई हे मात्र अक्षरं कोरलेली नसतील तर सांगत नाही. अक्षर नसलेल्या वीरगळावर 'शिवकालीन' असा शिक्का मारायची फार घाई असते. शस्त्रांवरून, वेशावरून, कोरण्याच्या पद्धतीवरून काळाचा अंदाज करणारे जाणकार आहेत. तो अंदाज त्यांच्या नावानं द्या.

तपासा : परत निघण्याआधी फोटो मोठे करून बघा. एखादी ओळ धूसर आली असेल तर पुन्हा यायला लागेल, आणि पुढच्या खेपेला ऊन तसं असेलच असं नाही.

टप्पा ४ : साल काढणं

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चुकीचं साल एकदा छापलं की ते पुसायला दहा वर्षं लागतात.

आपल्याकडच्या शिलाहार-यादवकालीन लेखांत शके असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यात पहिली दुरुस्ती : पौषाचा उत्तरभाग, माघ आणि फाल्गुन या काळात इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे. दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची आहे आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. कोरलेला शक 'गत' आहे की 'वर्तमान', म्हणजे तेवढी वर्षं पूर्ण झाली आहेत की तेवढावं वर्ष चालू आहे? आजचं पंचांग गत शक वापरतं. जुने लेख कधी हे वापरतात, कधी ते, आणि बहुतेकदा सांगतही नाहीत.

सुटका संवत्सराच्या नावात असते. साठ संवत्सरांची यादी कुठल्याही पंचांगात मिळते, प्रभव पहिला, क्षय साठावा. गत शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा. आधी अलीकडच्या पंचांगावर हात बसवून घ्या. शके १९४७ : १२ मिळवून १९५९, ६० नं भागून बाकी ३९, आणि एकोणचाळिसावा विश्वावसु. त्या वर्षीच्या पंचांगात तेच नाव दिसेल.

आता कोल्हापुरातलंच उदाहरण. शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन मंदिरातला म्हणून नोंदला गेलेला शिलाहार विजयादित्याचा लेख शके १०६५, दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण अशी मिती देतो. सरळ ७९ मिळवले तर इ. स. ११४४ येतं, आणि तसं लिहून माणूस मोकळा होतो. पण हिशोब करा. १०६५ मध्ये १२ मिळवून १०७७, बाकी ५७. सत्तावन्नावा संवत्सर रुधिरोद्गारी. दगड म्हणतो दुंदुभी, म्हणजे छप्पन्नावा. एकाचा फरक पडला, म्हणजे दगडावरचा १०६५ हा वर्तमान शक. गत शक १०६४. तारीख निघते १ फेब्रुवारी ११४३, आणि त्या दिवशी वार सोमवारच येतो. संवत्सर, वार आणि पौर्णिमा असे तिन्ही धागे एकाच दिवशी जुळले, की साल पक्कं.

ही एकाच लेखाची गंमत नाही. कागल तालुक्यातल्या बामणीच्या विजयादित्याच्याच लेखात शके १०७३, प्रमोद संवत्सर, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, चंद्रग्रहण आहे. १०७३ मध्ये १२ मिळवून १०८५, बाकी ५, पाचवा प्रजापती. दगडावर प्रमोद, म्हणजे चौथा. इथेही वर्तमान शक. तारीख ८ सप्टेंबर ११५०. डोळे मिटून ७८ मिळवणाऱ्याचं साल ११५१ आलं असतं.

या तारखा जुलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरच्या पद्धतीच्या आहेत. जुन्या काळच्या तारखा तशाच देण्याचा अभ्यासकांचा प्रघात आहे. मोबाइलमधली काही कॅलेंडरं आजचीच ग्रेगोरियन पद्धत मागं ताणत नेतात, त्यामुळं बाराव्या शतकात सात दिवसांचा फरक दिसतो. १ फेब्रुवारी ११४३ ला कॅलेंडर ८ फेब्रुवारी म्हणेल. वार मात्र तोच राहतो, म्हणून गडबडून जाऊ नका.

आदिलशाही काळातल्या फारसी लेखांवर हिजरी सन असतो. तो चांद्र असल्यानं एकच आकडा मिळवून भागत नाही, कोष्टक बघावंच लागतं. मराठी कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण त्याचं वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं.

थांबा : लेखात संवत्सर, वार, तिथी यांपैकी काहीच शाबूत नसेल तर नेमकं साल देऊ नका. 'इ. स. ११४३-४४ च्या सुमारास' असं लिहिल्यानं लेखाचं वजन कमी होत नाही.

टप्पा ५ : राजा कोणता, दान कशाचं

सालानंतर माणसं. कोल्हापुरात हमखास होणारे तीन गोंधळ सांगतो.

पन्हाळ्याशी जोडला जाणारा भोज हा कोल्हापूरचा शिलाहार दुसरा भोज. तो विजयादित्याचा मुलगा, आणि त्याची सत्ता १२१२ च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा सिंघण यानं संपवली. धारचा परमार राजा भोज अकराव्या शतकातला, माळव्याचा. दोघांच्या कथा एकत्र करून लिहिलेले लेख मी थकेपर्यंत वाचले आहेत. शिवाय शिलाहारांतच एक पहिला भोजही आहे. नावामागं क्रमांक आणि गावाचं नाव लावल्याशिवाय 'भोज' लिहूच नका.

दुसरा गोंधळ शाखांचा. उत्तर कोकणचे, दक्षिण कोकणचे आणि कोल्हापूरचे अशा शिलाहारांच्या तीन वेगळ्या शाखा. अंबरनाथचं शिवमंदिर उत्तर कोकणच्या शाखेचं, तिथल्या लेखावर शके ९८२ आहे. त्याचं श्रेय करवीरच्या राजांना देता येत नाही.

तिसरा बिरुदांचा. शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. यावरून ते तेरवर राज्य करत होते असं लिहिलं जातं. बिरुद घराण्याच्या मूळ गावाचा अभिमान सांगतं, राज्याचा नकाशा देत नाही. त्याच लेखांत 'महामंडलेश्वर' हेही येतं, आणि ते मांडलिकाचं पद आहे. सार्वभौम राजा म्हणून रंगवण्याआधी ते नीट वाचा.

आणि या तिन्हींपेक्षा मोठी चूक : दानाच्या लेखाला बांधकामाचा लेख समजणं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात यादव सिंघणाचा इ. स. १२१३-१४ चा देवनागरी लिपीतला संस्कृत लेख आहे. श्रीमुख संवत्सर. त्यात देवाला गाव दिल्याची नोंद आहे. यावरून इतकंच सिद्ध होतं की त्या वर्षी तिथं कोपेश्वराचं देवस्थान होतं आणि सत्ता शिलाहारांकडून यादवांकडं गेली होती. सिंघणानं मंदिर बांधलं असं त्यातून निघत नाही. बांधकाम कुणाचं, किती टप्प्यांत, याची उत्तरं शैलीवरून आणि इतर लेखांवरून काढावी लागतात, आणि तसं लिहिताना 'शैलीवरून' हा शब्द वाक्यात असलाच पाहिजे.

टप्पा ६ : मसुदा

मसुद्यातलं प्रत्येक वाक्य चार प्रकारांपैकी एक असतं. दगड सांगतो ते, अभ्यासक सांगतात ते, गाव सांगतो ते, आणि तुम्हाला वाटतं ते. चार रंगांची पेनं घ्या आणि पहिला मसुदा रंगवून काढा. 'गाव सांगतो' आणि 'मला वाटतं' हे रंग वाईट नाहीत. उलट गावची आख्यायिका गाळून टाकली तर लेख कोरडा होतो. फक्त एका रंगाचं वाक्य दुसऱ्या रंगाचा वेष घेऊन उभं राहता कामा नये.

नेहमीचा नमुना बघा :

'हजारो वर्षांपूर्वी शिलाहार राजांनी बांधलेले जगातील एकमेव स्वर्गमंडप असलेले हे मंदिर परकीय आक्रमकांनी फोडले.'

एका वाक्यात चार दावे, आधार एकाचाही नाही. तेच असं लिहा :

'कोपेश्वराच्या सभामंडपापुढे वर गोल उघडा असलेला मंडप आहे, त्याला स्वर्गमंडप म्हणतात. मंदिर शैलीवरून शिलाहार-यादव काळातलं असल्याचं अमुक अभ्यासक (इथं नाव) सांगतात. इ. स. १२१३-१४ च्या लेखात या देवाला दान मिळाल्याची नोंद आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत. त्या कुणी फोडल्या याविषयी गावात एक कथा सांगतात, ती अशी...'

वाक्यं वाढली, जोर कमी झाला असं वाटेल. वाचक मात्र तुमचं बोट धरून दगडापर्यंत जाऊ शकतो.

'एकमेव', 'सर्वांत प्राचीन', 'जगातलं पहिलं' हे शब्द शोधून काढा आणि खोडा. एकही ठेवायचा असेल तर इतर सगळी उदाहरणं कुणी मोजली ते लिहा. तुटपुंज्या पुराव्यावर मोठी इमारत उभारणं हाही याच जातीचा दोष. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या टेकडीवरून मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती प्रसिद्ध आहे. ती रोमन जगाशी असलेल्या व्यापारी संबंधांकडं बोट दाखवते. 'कोल्हापुरात रोमन लोकांची वसाहत होती' इथवर ती पोचवत नाही.

भाषेबद्दल एक इशारा. आपल्या भागातले पुष्कळ जुने लेख कन्नड लिपीत किंवा भाषेत आहेत. हे जसं आहे तसं लिहा. आजचा सीमावाद त्यात ओढला की खालच्या प्रतिक्रियांत दगड कुणी वाचतच नाही.

तपासा : मसुदा मोठ्यानं वाचा. 'म्हणे', 'असे मानले जाते', 'इतिहासकारांच्या मते' आलं की थांबा. कोण मानतं? कोणते इतिहासकार? नाव नसेल तर वाक्य काढा.

टप्पा ७ : फोटो आणि ओळी

हे चटकन होतं. प्रत्येक फोटोखाली गाव, दगडाची जागा, महिना-वर्ष आणि फोटो कुणी काढला एवढं हवं. अक्षरं उठावदार करणारी चित्रप्रक्रिया केली असेल तर तसं सांगा आणि मूळ फोटोही द्या. संगणकानं 'पूर्वी असं असेल' म्हणून बनवलेलं चित्र लेखाच्या माथ्यावर लावू नका. ते फिरत फिरत खरा फोटो म्हणून परत येतं. दुसऱ्याचा फोटो विचारून घ्या. सौजन्य लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

थांबा : शेतात सुटी पडलेली मूर्ती, नांगरताना निघालेली नाणी, कुलूप नसलेल्या देवळातली हलकी शिल्पं यांची नेमकी जागा लेखात देऊ नका, फोटोत चिकटलेलं ठिकाणही काढा. चोर वाचतात. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आधी ते, मग लेख.

टप्पा ८ : दाखवण्याचा क्रम

पहिला वाचक जाणकार असावा. जुनं कन्नड किंवा संस्कृत वाचणारा, नाहीतर मूर्तिशास्त्र जाणणारा. त्यांना आठ पानं पाठवून 'सर, बघून सांगा' म्हणू नका, कुणी बघत नाही. एका पानावर तीन नेमके प्रश्न, त्या ओळींचे फोटो आणि तुमचा हिशोब पाठवा. 'माझ्या मते वर्तमान शक धरावा, बरोबर आहे का?' अशा प्रश्नाला उत्तर येतं. पुरेसा वेळ द्या आणि उत्तर आलं तर त्यांचं नाव कसं द्यायचं हेही विचारा. काहींना ते नको असतं.

दुसरा वाचक गाव. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढं पस्तावतात. देवळाच्या ओट्यावर, चावडीत, तरुण मंडळाच्या बैठकीत लेख वाचून दाखवा. छापील प्रत देऊन निघून येऊ नका. वाचताना मध्येच कुणी म्हणतं, 'अवो, त्यो दगड माज्या आज्यानं वड्याकाठनं आणलाय,' आणि तुमचा एक अख्खा परिच्छेद बदलतो. हे लेख बाहेर जाण्याआधी कळलेलं बरं.

गावात नाजूक जागाही येतात. एखाद्या घराण्याला वीरगळ आपल्या पूर्वजाचा वाटतो. ग्रामदेवता म्हणून पुजली जाणारी मूर्ती लक्षणांवरून दुसऱ्याच देवतेची किंवा जैन परंपरेतली निघते. लपवू नका आणि टाळीही घेऊ नका. 'गावात ही अमुक देवी म्हणून पुजली जाते. हातातली आयुधं आणि वाहन अमुक मूर्तीशी जुळतात' अशी दोन वाक्यं शेजारी ठेवा. पुजाऱ्याला हे तुमच्या तोंडून आधी कळू द्या, फोनवरून नंतर नको.

मग सगळे. इथं एकच लेख सगळीकडं ढकलायचा नसतो. त्याची तीन रूपं तयार ठेवा.

पूर्ण लेख संदर्भांसह, जिथं तो कायम राहील आणि दुरुस्त करता येईल अशा ठिकाणी. मासिकाला द्यायचा असेल तर आधी दुसरीकडं टाकू नका. बहुतेक संपादकांना अप्रकाशित मजकूर हवा असतो.

दुसरं रूप फोनवर फिरणारं, दीडशे शब्दांच्या आत. हे तुम्हीच लिहा. तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरं कुणीतरी तुमचा लेख कापून ते करेल, आणि कापताना नेमके 'शैलीवरून' आणि 'गावात सांगतात' हे शब्द उडतील. त्यात साल, वाचन कुणाचं, तुमचं नाव आणि पूर्ण लेख कुठं आहे हे मजकुराच्या पोटातच घाला. शेवटच्या वेगळ्या ओळीत घातलं तर पुढं पाठवताना ती ओळ पहिली गळते. फोटो आणि मजकूर वेगवेगळे पाठवू नका, तासाभरात त्यांची ताटातूट होते.

तिसरं रूप समोरासमोरचं. वाचनालयात, तालमीच्या मंडळात, वारसा फेरीत. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह या वेळी ऐकायला माणसं मिळतात, पण सभागृहंही तेव्हाच भरलेली असतात, म्हणून बोलणी आधी करा. वीस मिनिटांत एकच प्रश्न मांडा. सालाचा हिशोब फळ्यावर करून दाखवा; संवत्सर जुळतो तेव्हा सभागृह जागं होतं, हे पैजेवर सांगतो. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात फलक लावायचा असेल तर एका फलकावर साठ शब्द पुरे, अक्षर चार हातांवरून वाचता आलं पाहिजे. देवळात फलक ठेवायचा तर स्टँडवर. जुन्या भिंतीत खिळा ठोकून इतिहासाचा फलक लावणाऱ्यांना काय म्हणावं!

तपासा : तिन्ही रूपांत साल, राजाचा क्रमांक आणि गावाचं नाव सारखंच आहे का? छोट्या मजकुरात घाईघाईत ११४४ राहून गेलेलं असतं.

टप्पा ९ : दुरुस्ती

लेख बाहेर गेला की हरकती येतील. आधी वर्गवारी करा. पुरावा देऊन आलेली हरकत लगेच तपासा. 'आमच्या वाडवडिलांनी असं सांगितलं' ही हरकत गावच्या आठवणीत नोंदवा. शिवीगाळीला उत्तर देऊ नका.

चूक निघाली तर गुपचूप शब्द बदलू नका. जुनं वाचून कुणीतरी पुढं लिहिलेलं असतं, त्याला काय बदललं ते कळलं पाहिजे. लेखाच्या माथ्यावर तारखेसह एक ओळ घाला : 'आधीच्या मजकुरात इ. स. ११४४ असं दिलं होतं. दुंदुभी संवत्सरावरून ते ११४३ असं दुरुस्त केलं आहे.' कुणी दाखवून दिलं असेल तर त्यांच्या संमतीनं नाव. छोटा मजकूर ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथं दुरुस्तीही टाका, आणि वाचनालयाला किंवा देवस्थानाला छापील प्रत दिली असेल तर तिच्या पहिल्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी स्वतः जाऊन चिकटवा.